नजर आहे, हजेरी नाही

मैफल एका जागी होते आणि दिसते मात्र हजार जागी. मैदानात झालेली मैफल घरातल्या पडद्यावर तशीच पोहोचते का, या प्रश्नाकडे आपण बहुधा तांत्रिक बाजूनेच पाहतो. आवाज स्वच्छ आला का, चित्र हलत तर नव्हते ना, कॅमेरे किती होते, गायकाचा चेहरा जवळून दाखवला की नाही, एवढ्यावर आपली चर्चा संपते. या प्रश्नाला नीतीचीही एक बाजू आहे. ती सहसा कोणी विचारात घेत नाही. म्हणून हा लेख.

उर्दूत दोन शब्द जोडीने येतात, हाजिर आणि नाजिर. जो तिथे आहे तो हाजिर आणि जो पाहतो आहे तो नाजिर. अदालतीत शपथ घेताना 'खुदाला हाजिर-नाजिर जाणून' असे म्हणण्याची पद्धत होती. मराठीनेही हे दोन्ही शब्द आपलेसे केले. हजर, हजेरी, गैरहजर ही एका घरातली भावंडे. नजर, कोर्टातला नाझर ही दुसऱ्या घरातली. माणसाच्या बाबतीत ही जोडी शतकानुशतके एकत्र राहिली. लग्न पाहायचे तर मांडवात जावे लागे, कव्वाली ऐकायची तर दर्ग्याच्या अंगणात बसावे लागे. आधी हजेरी, मग नजर. ऐकण्यातली ही जोडी रेडिओने सैल केली आणि टीव्हीने तर ती पुरती फोडली. आता नजर आहे, हजेरी नाही. या फाटाफुटीत आपण काय कमावले आणि काय गमावले? आणि गमावले असेल तर ती कोणाची जबाबदारी?

हा प्रश्न तपासायला पॉप संगीताच्या मोठ्या मैफलींइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण तिथे दोन्ही प्रकारचे लोक प्रचंड संख्येने असतात, मैदानात हजारो आणि पडद्यासमोर कोट्यवधी. संगीत जायज की नाजायज, हा जुना वाद मी इथे काढत नाही. त्यावर उलेमांनी भरपूर लिहिले आहे. मला फक्त पाहणाऱ्याबद्दल बोलायचे आहे.

*

१३ जुलै १९८५ या दिवशी 'लाइव्ह एड' नावाची मैफल एकाच वेळी दोन शहरांत झाली. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये सुमारे ७२ हजार लोक होते आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जॉन एफ. केनेडी स्टेडियममध्ये त्याहूनही अधिक. इथियोपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे करावेत म्हणून बॉब गेल्डॉफ आणि मिज युर या दोन गायकांनी ती योजली होती. उपग्रहांच्या साहाय्याने ती शंभराहून अधिक देशांत दाखवली गेली आणि पाहणाऱ्यांची संख्या दीड-दोन अब्जांच्या घरात असल्याचा अंदाज सांगितला जातो. अंदाज थोडा कमी धरला तरी, इतक्या माणसांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहण्याचे असे प्रसंग त्याआधी फार थोडे आले होते.

त्या दिवशीच्या तीन घटना आपल्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात.

पहिली घटना 'द हू' या वाद्यवृंदाच्या वेळची. त्यांचे गाणे ऐन रंगात असताना बिघाड झाला आणि टीव्हीचे चित्र तुटले. ते परत आले तेव्हा पुढचे गाणे शेवटाला आले होते. मैदानातल्या लोकांनी जे ऐकले, ते घरच्या प्रेक्षकांना मिळालेच नाही. दुसरी घटना रात्रीची. पॉल मॅकार्टनी पियानोवर बसून गाऊ लागला आणि त्याचा मायक्रोफोनच बंद पडला. सुमारे दोन मिनिटे मैदानात त्याचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नाही. टीव्हीवाल्यांना मात्र अस्पष्ट का होईना, तो येत होता. म्हणजे इथे घरी बसलेल्याला मैदानातल्यापेक्षा जास्त मिळाले. पण मैदानातले लोक गप्प बसले नाहीत. गायकाचा आवाज येत नाही म्हटल्यावर हजारो लोकांनी ते गाणे स्वतःच उचलले आणि गायले. घरच्या माणसाला आवाज मिळाला, मैदानातल्याला काम मिळाले.

तिसरी घटना सर्वांत महत्त्वाची. आयर्लंडच्या 'यू टू' या वाद्यवृंदाचा गायक बोनो गाता गाता मंचाच्या कडेला आला, गर्दीतल्या काही मुलींना पुढे आणा म्हणून खाणाखुणा करू लागला आणि शेवटी स्वतःच खाली उडी मारून एका मुलीपाशी गेला. मंचावरच्या त्याच्या साथीदारांना तो दिसेना. गाणे लांबत गेले. ते संपेपर्यंत ठरलेल्या तिसऱ्या गाण्याची वेळ निघून गेली. आपण मोठी संधी घालवली असे साथीदारांना वाटले. पण कॅमेरा त्याच्यामागे गेला होता. टीव्हीवर जगाने एक प्रसिद्ध गायक एका अनोळखी मुलीला जवळ घेतो आहे असे पाहिले आणि त्या दृश्याने 'यू टू'चे नाव घरोघरी पोहोचवले. वीस वर्षांनी त्या मुलीने सांगितले की ती गर्दीत चिरडली जात होती आणि त्या उडीने तिला वाचवले. जगाने ते प्रेमाचे दृश्य म्हणून पाहिले होते. प्रत्यक्षात ती मदत होती.

या तीन घटनांवरून एवढे नक्की म्हणता येईल की प्रक्षेपण ही मैफलीची नक्कल नाही. कधी ते मैफलीपेक्षा कमी असते, कधी जास्त आणि कधी निराळेच. म्हणून 'टीव्हीवर मैफल खोटी होते' ही सरधोपट तक्रार मला पटत नाही. पडद्यावर दिसले ते खोटे नव्हते, पण त्याचा अर्थ दूरून कळण्यासारखा नव्हता. मंचावरून बोनोला मुलीचा गुदमरलेला चेहरा दिसला आणि त्याच्यावर एक कर्तव्य येऊन पडले. पडद्यावरून कोट्यवधींना तीच मुलगी दिसली आणि त्यांच्यावर काहीच येऊन पडले नाही.

*

इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाची, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याची, सविस्तर चर्चा केली आहे. तिथे त्यांनी हजरत जुनैद बगदादींच्या हवाल्याने समासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. झमान, मकान आणि इखवान. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. सूफींची महफिल आणि पाश्चात्त्य पॉप मैफल यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण ऐकणे ही एकट्या कानाची गोष्ट नाही, ती वेळ, जागा आणि माणसे यांच्यात घडते, हा विचार कोणत्याही मैफलीला लागू पडतो. टीव्ही नेमक्या या तिन्ही गोष्टी बदलतो.

वेळेचे उदाहरण एल्विस प्रेस्लीचे. १४ जानेवारी १९७३ रोजी हवाई बेटांवर होनोलुलू येथे त्याची मैफल झाली आणि उपग्रहाद्वारे आशियातल्या देशांत थेट दाखवली गेली. ती मैफल सुरू झाली तेव्हा होनोलुलूत रात्रीचे साडेबारा वाजले होते. कारण उघड आहे. त्या वेळी टोकियोत संध्याकाळचे साडेसात होत होते. सभागृहात प्रत्यक्ष बसलेल्यांची रात्र दूरच्या प्रेक्षकांच्या संध्याकाळसाठी वाकवली गेली. अमेरिकेत तो कार्यक्रम ४ एप्रिलला दाखवण्यात आला आणि त्यात चार गाणी अशी होती, जी प्रेक्षक निघून गेल्यावर रिकाम्या सभागृहात चित्रित केलेली होती. पाहणाऱ्याला वाटले, हीदेखील त्याच रात्रीची मैफल. हजर राहिलेल्या एकाही प्रेक्षकाने ती गाणी त्या रात्री ऐकली नव्हती. तिथे हजर असलेल्यांपेक्षा गैरहजरांची मैफल मोठी झाली!

जागेची गोष्ट तर अधिकच गमतीची आहे. स्टेडियममध्ये मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला गायक बोटाच्या पेराएवढा दिसतो. म्हणून मंचाशेजारी मोठे पडदे लावतात. म्हणजे पैसे मोजून, तास न् तास उभा राहून तिथे गेलेला माणूसही पुष्कळ वेळ पडद्याकडेच पाहत असतो. अलीकडे तर तो हातातल्या मोबाईलच्या पडद्याकडे पाहतो. तेव्हा मैदानात गेलेला तो हजर आणि घरी बसलेला तो गैरहजर, अशी सोपी वाटणी करता येत नाही. हजेरी पायांनी लागते, हे अर्धेच खरे आहे.

राहिले सोबती. १ ऑक्टोबर १९९२ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे मायकेल जॅक्सनची मैफल झाली. त्या महिन्यातच एचबीओ वाहिनीने ती अमेरिकेत दाखवली. त्या चित्रणात जॅक्सन मंचावर अवतरतो आणि मिनिटाहून अधिक काळ पुतळ्यासारखा निश्चल उभा राहतो. मैदानात त्या स्तब्धतेचा ताण हजारो लोक श्वास रोखून एकत्र पेलत असतात. टीव्हीला मात्र स्तब्धता परवडत नाही. मग कॅमेरा गर्दीत शिरतो. रडणारी मुलगी, हात पसरणारा मुलगा, बेशुद्ध पडून स्ट्रेचरवरून नेले जाणारे शरीर. हे चेहरे त्या चित्रणाची ओळखच बनून गेले आहेत. पण विचार करा, ती माणसे तिथे पाहायला आली होती आणि स्वतःच पाहण्याची वस्तू झाली. रुमानियातली चाउशेस्कूची हुकूमशाही डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली, म्हणजे जेमतेम तीन वर्षे आधी. ज्या तरुणांना बाहेरचे जग बंद होते, त्यांच्या अश्रूंत एका गायकाच्या वेडापलीकडचेही काही असू शकते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने ते विचारले असते. घरी बसलेल्याला ते विचारता येत नाही. त्याला सोबती मिळत नाहीत, सोबत्यांचे चेहरे मिळतात.

*

इथे एक आक्षेप येईल आणि तो मला फार गंभीर वाटतो. हजेरीचे एवढे गोडवे गाणारे लोक कोण असतात? ज्यांना हजर राहणे परवडते ते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात गायला. तिकिटाचे पैसे, रात्री घरी परतण्याची सोय, घरच्यांची परवानगी, या सगळ्याचा हिशेब केला तर मुंबईतल्याच कितीतरी मोहल्ल्यांना ती मैफल अमेरिकेइतकीच दूर होती. मी ज्या मुलींना शिकवते त्यांच्यापैकी किती जणी रात्री दहा वाजता पन्नास हजारांच्या गर्दीत जाऊन उभ्या राहतील? अंथरुणाला खिळलेला माणूस, दूरच्या खेड्यातला माणूस, रोजंदारी बुडवू न शकणारा माणूस, यांना पडद्याने जे दिले ते लहान नाही. जग पाहण्याचा हक्क त्यांनाही आहे. 'प्रत्यक्ष पाहण्याची सर कशालाच नाही' असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या खिशात हात घालून पाहावे.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते. म्हणूनच पडद्यावर पाहणे हलके आहे असे माझे म्हणणे नाही. माझा मुद्दा निराळा आहे. पाहणे आणि हजर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली की दुसरीही मिळाली असे समजण्यात धोका आहे.

मग हजर असणे म्हणजे तरी काय? शाळेत रोज सकाळी आम्ही हजेरी घेतो. मूल वर्गात बसलेले डोळ्यांना दिसत असते, तरीही त्याचे नाव पुकारतो आणि त्याच्या तोंडून 'हाजिर' हा शब्द ऐकल्यावरच वहीत खूण करतो. नुसते दिसणे पुरत नाही. हाक मारल्यावर जो ओ देतो, तो हजर. वर्गात बसलेले पण खिडकीबाहेर हरवलेले मूल नाव पुकारल्यावर गप्प राहते आणि सगळा वर्ग हसतो. मुलांना ही व्याख्या न शिकवता कळते.

हज यात्रेचे प्रक्षेपण आज जगभर पाहता येते. काबागृहाचे दर्शन रात्री-अपरात्री घरातल्या पडद्यावर होते आणि पाहताना डोळे भरून येतात. पण ते पाहून कोणी हाजी होत नाही. यात्रेकरू तिथे 'लब्बैक' म्हणतो, म्हणजे हाकेला ओ देतो, मी हजर आहे म्हणून सांगतो. २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत मशिदी बंद होत्या, तेव्हा पडद्यावरच्या इमामामागे घरी नमाज पढावी का, हा प्रश्न अनेक देशांत विचारला गेला. बहुसंख्य उलेमांनी नाही म्हटले. जमातीला माणसे लागतात, जोडलेल्या रांगा लागतात. घरी पढा, पण ती तुमची घरची नमाज म्हणून पढा, पडद्यातल्या रांगेत स्वतःला उभे समजू नका, असा त्याचा अर्थ. ज्यांना हा नियम कोरडा वाटला त्यांनी त्यामागची जाण ओळखली नाही. त्याच वर्षी कोरियाच्या 'बीटीएस' या तरुणांच्या वाद्यवृंदाने ऑनलाइन मैफली केल्या आणि घरोघरी चाहत्यांच्या हातातले दिवे गाण्याबरोबर एकाच वेळी रंग बदलतील अशी सोय केली. लाखो मुले आपापल्या खोलीत एकेक दिवा धरून बसली. ही धडपड तरी कशासाठी होती? नुसती नजर पुरत नाही, हे त्या मुलांनाही जाणवले होते.

लाइव्ह एडमध्येच याचे सुंदर उदाहरण आहे. 'क्वीन' वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारात जन्मलेला आणि आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बलसारा, मंचावर आला. केवळ वीस-एकवीस मिनिटांचा त्याचा वेळ. त्यात मध्येच वाद्ये थांबवून त्याने नुसत्या सुरांनी लोकांना हाक घातली. त्याने एक लकेर घ्यावी आणि संपूर्ण मैदानाने ती परत द्यावी. तो सूर वर नेई, लोकही नेत. तो खेळ आज पडद्यावर पाहतानाही अंगावर काटा येतो. पण आपण ओ दिली तरी ती त्याला ऐकू गेली नसती. आपण त्या हाकेच्या कक्षेतच नव्हतो.

*

गेल्डॉफ आणि त्याच्या साथीदारांना हे बहुधा उमगले होते. म्हणूनच त्यांनी घरच्या प्रेक्षकाला ओ देण्याचा एक मार्ग काढून दिला, टेलिफोन. पडद्यावर क्रमांक, फोन उचला, पैसे द्या. डेव्हिड बोवीने आपल्या वाट्याचे एक गाणे सोडून दिले आणि त्या वेळात कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने इथियोपियात टिपलेली दुष्काळाची दृश्ये दाखवली गेली. हाडांचे सापळे झालेली मुले, मागे एक संथ पॉप गाणे. त्यानंतर देणग्यांचा ओघ वाढला. संपूर्ण उपक्रमातून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून किती जीव वाचले आणि किती पैसा भलतीकडे गेला यावर पुढे वाद झाले. ते आपण बाजूला ठेवू. नजर नुसती नजर राहू नये, तिने काहीतरी करावे, हा प्रयत्न प्रामाणिक होता.

पण त्या दृश्यांत एक लहान मुलगी होती. मरणाच्या दारात असलेली, डोळे मिटत चाललेली. तिचे नाव बिरहान वोल्डू. कोट्यवधी लोकांनी तिला पाहिले, तिच्यासाठी फोन केले आणि ती मेलीच असणार असे समजले. ती जगली. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट' ही मैफल झाली तेव्हा तेच जुने दृश्य मोठ्या पडद्यावर दाखवले गेले आणि मग गेल्डॉफने त्या मुलीलाच मंचावर आणले. उंच, देखणी, शिकलेली तरुणी. मॅडोनाने तिचा हात धरला आणि गायला सुरुवात केली.

जी वीस वर्षे फक्त दिसत होती, ती त्या दिवशी हजर झाली. तिला नाव मिळाले, हात मिळाला. पण पुढचाही विचार करायला हवा. ज्या आफ्रिकेसाठी ती मैफल होती, तिथले बहुतेक गायक हाइड पार्कच्या मंचावर नव्हते. टीका झाल्यावर त्यांच्यासाठी त्याच दिवशी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ईडन प्रोजेक्ट येथे, पीटर गॅब्रिएलच्या पुढाकाराने वेगळी मैफल भरवण्यात आली. आफ्रिका पडद्यावर चालत होती, मंचावर आणताना मात्र जागा कमी पडत होती. ज्याला आपण नेहमी पाहतो आणि कधी बोलावत नाही, त्याच्याशी आपले नाते काय? आपल्या देशातल्या मुसलमान वाचकाला, दलित वाचकाला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. पडद्यावर आम्ही दंगलीत दिसतो, ईदच्या गळाभेटीत दिसतो, कव्वालीत तर हमखास दिसतो. दिसणे पुष्कळ झाले आहे. हजेरीपटावर नाव लागायचे बाकी आहे.

*

आता शेवटचे उदाहरण. ते लिहिताना हात जड होतो.

५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूस्टन येथे ट्रॅव्हिस स्कॉट या रॅप गायकाची मैफल होती. 'अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड' हे तिचे नाव. सुमारे ५० हजार लोक जमले होते आणि अ‍ॅपल म्युझिकवरून ती जगभर थेट दाखवली जात होती. रात्री नऊच्या सुमारास गायक मंचावर आला आणि गर्दी पुढे सरकली. माणसे माणसांत दाबली गेली. छातीला फुगायला जागा उरली नाही. ९ वाजून ३८ मिनिटांनी अधिकाऱ्यांनी मोठी दुर्घटना झाल्याचे जाहीर केले. मैफल त्यानंतरही अर्ध्या तासाहून अधिक चालू राहिली. दहा जण गुदमरून मेले. सर्वांत लहान मूल नऊ वर्षांचे होते. २०२३ मध्ये ग्रँड ज्युरीने कोणावरही फौजदारी आरोप ठेवला नाही. फौजदारी कायद्याचा प्रश्न तिथे संपला.

त्या गर्दीतून वर आलेल्या एका तरुणीचे चित्रण पुढे जगभर पाहिले गेले. कॅमेरा ज्या उंच चौथऱ्यावर होता, त्याची शिडी चढून ती कॅमेरा चालवणाऱ्याला ओरडून सांगत होती की खाली लोक मरताहेत, थांबवा. मैफल थांबली नाही. त्या कॅमेरावाल्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या कानात वाद्यांचा गदारोळ होता, हुकूम दुसरीकडून येत होते, मैफल थांबवण्याचे बटण त्याच्या हातात नव्हते. त्याला काय वाटले असेल, हे त्यालाच माहीत. पण ती मुलगी कॅमेऱ्याकडेच का धावली, याचा विचार केला पाहिजे. तिला वाटले, हा डोळा आहे. याच्यामागे लाखो डोळे आहेत. जिथे इतके लोक पाहताहेत तिथे कोणीतरी हजर असेलच.

तिचा हिशेब चुकीचा ठरला, कारण त्या लाखो डोळ्यांपैकी एकही तिथे नव्हता. आणि घरोघरी जे पाहत होते, त्यांना रोषणाई, धूर आणि उसळणारी गर्दी दिसत होती. गर्दीची लाट वरून सुंदर दिसते. वेम्ब्लीत एका गायकाला एक गुदमरणारी मुलगी दिसली आणि त्याने उडी मारली. ह्यूस्टनमध्ये माणसे गुदमरत राहिली आणि कोणाची उडी पडली नाही. दोन्हीकडे कॅमेरे होते. वेम्ब्लीत कॅमेरा उडीच्या मागे गेला. उडी मारणे मात्र हजर माणसालाच जमते.

मराठीत ज्याला आपण 'साक्षी' म्हणतो त्या शब्दात डोळा आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. अरबीतल्या 'शाहिद' या शब्दात हजर असणे आहे. जो तिथे होता तो शाहिद. मला वाटते, खऱ्या साक्षीला दोन्ही शब्द लागतात. टीव्हीने आपल्या सर्वांना साक्षी केले, शाहिद केले नाही.

म्हणून, ज्यांच्या हातात कॅमेरा आहे त्यांच्याकडे आपल्या सर्वांची अमानत आहे असे मी मानते. आमच्या वाट्याला हजेरी आली नाही, ती त्यांच्या वाट्याला आली आहे. कोट्यवधी डोळ्यांच्या वतीने तिथे उभा असलेला तो एकच माणूस आहे. त्याच्यापर्यंत हाक आली तर त्याने सुंदर चित्राच्या आधी त्या हाकेचा विचार केला पाहिजे आणि त्याच्या वरच्यांनी तशी मुभा त्याला दिली पाहिजे. रडणारा चेहरा दाखवताना तो कोणाचा आहे हे विसरता कामा नये. प्रेक्षक निघून गेल्यावर गायलेले गाणे त्याच रात्रीचे म्हणून खपवता कामा नये.

आणि पाहणाऱ्याने काय करावे? पाहावे, आनंद घ्यावा, त्यात गुन्हा नाही. पण 'मी पाहिले' याचा अर्थ 'मी होतो' असा होत नाही, एवढे मनाशी ठेवावे. ज्या हाकेला आपण दूरवरून ओ देऊ शकलो नाही, तशी एखादी हाक आपल्या गल्लीतही येत असते. तिथे कॅमेरा नसतो, उपग्रह नसतो आणि आपण मात्र नक्की असतो. पडद्यासमोर बसून भरून आलेल्या डोळ्यांची परीक्षा तिथे होते. नजरेने शिकवलेले तिथे हजेरीत उतरले तर टीव्हीने आपल्याला खूप काही दिले असे म्हणता येईल. नाही उतरले, तर हजेरीपटावर आपल्या नावापुढे काय लिहायचे ते लिहिणारा लिहीलच.